एमआरआयमधले पांढरे डाग आणि जुनी फाइल



चेतासंस्था शिकवताना आपण फळ्यावर चेतापेशी काढतो, अक्षतंतूभोवती मायलिनचं आवरण दाखवतो आणि पुढे सरकतो. "सर, हे आवरण गेलं तर?" असं एखादं पोर विचारतं. आज त्याच प्रश्नाचं उत्तर बघूया.

समजा, पोलादपूर तालुक्यातल्या एका वाडीवर शिकवणाऱ्या बाई आहेत. वय तिशीचं. एक दिवस उजव्या डोळ्याने फळा धूसर दिसू लागतो, डोळा फिरवला की दुखतो. काही आठवड्यांत आपोआप बरं वाटतं. वर्षभराने पाय जड पडतात, मुंग्या येतात, खडू हातातून निसटतो. घरचे म्हणतात, "दगदग झाली असेल." शाळेत कुणीतरी म्हणतं, "कामाचा कंटाळा आलाय." डोळ्याचा आणि पायाचा संबंध कुणी जोडतच नाही.

आजार काय आहे?

असा संबंध जोडणारा एक आजार म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस, थोडक्यात एमएस. यात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच मेंदूतल्या, मज्जारज्जूतल्या आणि डोळ्याच्या चेतेतल्या मायलिनवर हल्ला करते. वायरवरचं प्लास्टिक सोललं जावं तसं होतं. निरोप उशिरा पोचतो किंवा पोचतच नाही. आजार बहुधा 20 ते 40 या वयात सुरू होतो आणि स्त्रियांमध्ये जास्त आढळतो. तो संसर्गजन्य नाही. फ्रेंच डॉक्टर शार्को यांनी 1868 मध्ये त्याचं सविस्तर वर्णन केलं, पण जिवंत माणसाच्या मेंदूतले हे डाग स्पष्ट दिसायला आणखी शंभरावर वर्षं गेली. 1981 मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातल्या गटाने दहा रुग्ण तपासले. सीटी स्कॅनवर 19 डाग दिसले. एमआरआयवर ते दिसलेच, शिवाय आणखी 112 दिसले.

एमआरआय काय बघतं?

आपल्या शरीरात पाणी भरपूर, म्हणजे हायड्रोजनही भरपूर. 1.5 टेस्लाचं यंत्र पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या तीस हजार पट ताकदीचं असतं. त्यात हायड्रोजनची केंद्रकं एका दिशेला कलतात. रेडिओ लहरींनी त्यांना हलवलं की परत येताना ती संकेत देतात आणि संगणक त्यातून चित्र तयार करतो. यात क्ष-किरण नसतात. मायलिन गेलेल्या, सुजलेल्या जागी पाण्याचं प्रमाण बदलतं, म्हणून ती जागा फ्लेअर नावाच्या चित्रात पांढरी उठून दिसते.

आत जाताना मंगळसूत्र, बांगड्या, पिना काढाव्या लागतात. पेसमेकर किंवा शरीरात धातू बसवलेला असेल तर आधी सांगायलाच हवं. यंत्राचा ठकठक आवाज मोठा असतो, घाबरू नये.

पांढरा डाग म्हणजे एमएस का?

नाही! इथेच लोक घाबरतात. वाढतं वय, रक्तदाब, मधुमेह, अर्धशिशी यांतही पांढरे ठिपके दिसतात. हातापायाला मुंग्या तर बी-12 कमी असलं तरी येतात. म्हणून डॉक्टर तपासणी, लक्षणं आणि स्कॅन एकत्र बघतात आणि दोन प्रश्न विचारतात.

पहिला, डाग कुठे आहेत? 2017 च्या मॅक्डोनाल्ड निकषांत चार जागा होत्या: मेंदूतल्या पोकळ्यांलगत, मेंदूच्या बाह्य थरात किंवा त्याला लागून, मस्तिष्कस्तंभ व अनुमस्तिष्काच्या भागात, आणि मज्जारज्जूत. त्या निकषांनुसार त्यांपैकी किमान दोन जागी डाग असावे लागत.

दुसरा, डाग वेगवेगळ्या वेळी झालेत का? हे मुलांना सांगायला आपल्या शाळेची भिंत पुरते. पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंतीचा एकच फोटो बघून कुठला डाग यंदाचा आणि कुठला जुना, हे सांगता येत नाही. गेल्या वर्षीचा फोटो शेजारी ठेवला की लगेच कळतं. एमआरआयचंही तसंच. गॅडोलिनियमचं इंजेक्शन दिलं तर सहसा ताजे डाग चमकतात, जुने चमकत नाहीत. नाहीतर जुना स्कॅन आणि नवा स्कॅन ताडून बघतात. गरज पडल्यास पाठीतलं पाणीही तपासतात.

म्हणून जुनी फाइल जपा

इथे आपल्या भागाचा प्रश्न येतो. मोठ्या तपासण्यांसाठी महाड-पोलादपूरची माणसं महामार्गाने पनवेल-मुंबईकडे किंवा वरंध घाटाने पुण्याकडे जातात. डॉक्टर बदलतात, रुग्णालयं बदलतात. जुलै 2021 च्या पुरात महाडमध्ये घराघरांत पाणी शिरलं, तेव्हा कागद कसे गेले ते आपण पाहिलंय. जुना स्कॅन गेला तर निदानाचा मोठा पुरावा गेला. तेव्हा फक्त रिपोर्टचा कागद नको, स्कॅनची सीडीही मागून घ्या. तिची प्रत पेनड्राइव्हवर आणि ऑनलाइन ठेवा. रिपोर्टचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये असू द्या. कुठल्या महिन्यात काय त्रास झाला, तेही वहीत लिहा.

वेळेत निदान झालं तर फायदा काय? आजार मुळापासून बरा करणारं औषध अजून नाही, पण झटके आणि नवे डाग कमी करणारी औषधं आहेत. ती लवकर सुरू केलेली बरी.

शाळेत आपण काय करू?

डोळ्याला अचानक धूसर दिसणं, एका बाजूला अशक्तपणा, असं काही झालं तर आधी डॉक्टर गाठा, स्वतःहून स्कॅन काढायला धावू नका. एमएस असलेल्या माणसाला उकाड्यात किंवा तापात जुना त्रास तात्पुरता वाढतो. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये त्यांना पंख्याजवळची जागा द्या, बसून शिकवू द्या. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत हा आजार आहे, हे मुख्याध्यापकांनीही लक्षात ठेवावं. 1985 पासून काम करणारी मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया रुग्णांना आणि कुटुंबांना मदत करते.

बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या माणसाच्या मेंदूत काय चाललंय, ते आपल्याला दिसत नाही. म्हणून सहकारी असो वा विद्यार्थी, "नाटक करतोय" म्हणण्याआधी एकदा विचारूया, "डॉक्टरांना दाखवलंत का?"