पियानोवरची ओवी कुणाला ऐकवावी?

माजलगाव तालुक्यातल्या आमच्या गावात पेटी, पखवाज आणि टाळ कुणालाही नवे नाहीत. पियानो मात्र लोकांनी सिनेमातच पाहिलेला. त्याच गावात बसून, कीबोर्डवर, मी पियानोसाठी एक रचना केली. तिचा आधार आजीची जात्यावरची ओवी. डाव्या हातात जात्याची घरघर आणि उजव्या हातात ओवी, एवढीच कल्पना. रचना सुचली तेव्हा आनंद झाला, पण ती ऐकवून खरं मत मिळवायला त्याहून जास्त खटपट करावी लागली. आपल्या भागात स्वतःचं काही रचणाऱ्या मुलामुलींना उपयोगी पडेल म्हणून त्यातलं काही इथे लिहितो.

१. ‘कसं वाटलं?’ असं विचारू नका.

त्याला उत्तर एकच येतं, ‘छान झालंय, चालू ठेव.’ आपली माणसं मायेची आहेत, पोराचं मन मोडायला ती धजत नाहीत. त्याऐवजी विचारा, कुठे लक्ष उडालं? कोणती जागा पुन्हा ऐकावीशी वाटली? शेवट आला हे कळलं का? एवढं विचारलं की ज्याला सारेगम येत नाही तोही नेमकं सांगतो.

२. ज्यांच्याकडून घेतलं, त्यांना आधी ऐकवा.

मी आजीला ऐकवलं. ती डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत राहिली आणि म्हणाली, “लेकरा, हिनं दम कवा घ्यायचा?” मला आधी कळलंच नाही. मग तिने नुसता हात गोल फिरवत ओवी म्हणून दाखवली. ओळ संपते, बाई श्वास घेते, पण हात थांबत नाही. जातं फिरतच राहतं, आणि त्या घरघरीवर पुढची ओळ येते. माझ्या उजव्या हातात एकीला लागून दुसरी ओळ येत होती, मधे श्वासच नव्हता. आता तिथे उजवा हात उचलतो आणि डावा एकटाच चालतो. सगळ्या रचनेत मला तीच जागा सर्वांत प्रिय आहे.

घरात अशी आजी नसेल तर ध्वनिमुद्रणं आहेत. आमच्याच माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्या १९९६ मध्ये ध्वनिमुद्रित झाल्या. हेमा राईरकर आणि गी पोइत्वाँ यांनी महाराष्ट्रभरातून लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्यातल्याच या. रचना करण्याआधी त्या पुन्हा पुन्हा ऐकाव्यात. हंगेरीचा संगीतकार बेला बार्टोक हेच करत होता. १९०६ पासून तो फोनोग्राफ घेऊन खेड्यापाड्यांत फिरला, गाणारीने सूर कुठे ओढला आणि कुठे सोडला हे बारकाईने उतरवून घेतलं, आणि पुढे त्या गाण्यांवरून लहान मुलांसाठी पियानोचे तुकडे लिहिले. शेतकऱ्यांची गाणी पियानोवर शोभतात का, हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीच निकालात निघाला आहे. त्यामुळे कुणी ‘पियानोवर ओवी कशाला?’ म्हटलं तर बिचकू नका.

३. पखवाजवाल्याच्या बोटांकडे बघा.

पद्मश्री शंकरबापू आपेगावकरांमुळे अंबाजोगाईचा पखवाज देशभर ऐकला गेला, आणि लयीचा तो कान आमच्या जिल्ह्यात आजही गावोगावच्या भजनात सापडतो. आमच्या गावच्या पखवाजवाल्या बुवांना मी रचना ऐकवली तेव्हा त्यांच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. मांडीवर त्यांची बोटं आपसूक चालत होती. मधल्या भागात एका ठिकाणी ती अडखळली, थांबली, आणि दोन आवर्तनांनी पुन्हा लागली. नंतर विचारलं तर बुवा म्हणाले, “बरं हाय की.” पण बोटांनी आधीच सांगून टाकलं होतं. त्या ठिकाणी मी सुरावटीच्या हौसेपोटी समेची जागा पुसून टाकली होती.

४. पेटीवाल्याला आणि पियानोवाल्याला एकच प्रश्न विचारू नका.

भाता हलता असेपर्यंत पेटीचा सूर टिकतो. पियानोत हातोडी तारेवर पडते त्या क्षणापासून सूर विरायला लागतो. पेटीवर वाढलेला माणूस लांब सूर सहज लिहितो, पण पियानोवर तिथे पोकळी पडते. ती भरायला उजव्या पायाखालचं पेडल असतं. ते दाबलं की तारांवरचे दाबे उचलले जातात आणि सूर एकमेकांत मिसळत घुमतात. म्हणून पेटीवाल्याला रागाचं आणि चालीचं विचारा, पियानोवाल्याला हाताचं, पेडलचं आणि खालच्या सप्तकातल्या गर्दीचं विचारा.

राग निवडतानाही हे ध्यानात घ्यावं. पियानोत मींड नाही, सूर ठरलेल्या जागी घट्ट बसलेले. पेटीवरही हाच आक्षेप होता, त्यापायी आकाशवाणीने १९४० मध्ये तिच्यावर घातलेली बंदी जवळपास तीन दशकं टिकली. दरबारीचा आंदोलित गंधार पियानोवर काढायचा अट्टहास मला पटत नाही. दुर्गा, भूप किंवा हंसध्वनी तिथे मोकळे वाजतात.

आणखी एक अडचण आपल्याकडे हमखास येते. घरच्या कीबोर्डला बहुधा ६१ पट्ट्या, पियानोला ८८. आपण खालचे सूर कधी ऐकलेलेच नसतात. पुण्याला गेल्यावर एका शिक्षकांच्या पियानोवर मी डावा हात एक सप्तक खाली नेऊन वाजवला आणि जातं खरोखर जड झालं. संधी मिळेल तेव्हा खऱ्या वाद्यावर वाजवून घ्या, मत त्यानंतर मागा.

५. ध्वनिमुद्रण पाठवताना हेडफोनवर ऐकायला सांगा.

मोबाइलच्या स्पीकरमधून डावा हात जवळजवळ गायब होतो. सोबत स्वरलिपीही द्या, भातखंडे पद्धतीची आणि पाच रेघांची, दोन्ही. म्हणजे समोरचा ‘मधे कुठेतरी’ न म्हणता ओळीवर बोट ठेवतो.

६. कडक मताचे दोन भाग करा.

१८७४ च्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी रशियन संगीतकार चायकोव्हस्कीने आपला पहिला पियानो कन्चेर्तो, म्हणजे वाद्यवृंदासोबत वाजवायची पियानोची रचना, पियानोवादक निकोलाय रुबिनस्टाइनला वाजवून दाखवला. रुबिनस्टाइनने तो मोडीतच काढला. चायकोव्हस्की दुखावला आणि एकही सूर बदलणार नाही म्हणाला. पुढच्या वर्षी बोस्टनमध्ये हान्स फॉन ब्यूलो या पियानोवादकाने तो वाजवला आणि लोकांनी उचलून धरला. रुबिनस्टाइननेही नंतर मत बदललं. ही गोष्ट बहुतेक जण इथेच थांबवतात. पण लंडनच्या एडवर्ड डॅनरॉयटर या पियानोवादकाने पुढे पियानोच्या भागात नेमके बदल सुचवले, आणि त्याच चायकोव्हस्कीने ते घेतले. ‘सगळंच टाकाऊ’ या शेऱ्याचं काही करता येत नाही. ‘इथे हात पोचत नाही’ याचं करता येतं. मलाही एकाने ‘हे ना धड भजन ना धड पियानो’ असं सुनावलं. ते मी तसंच ठेवून दिलं. त्याच माणसाने शेवट घाईने येतो असंही म्हटलं होतं, त्यावर काम केलं.

७. दुसऱ्याचंही ऐका.

१८५६ मध्ये संगीतकार ब्राम्स आणि व्हायोलिनवादक योआखिम हे दोघे तरुण मित्र स्वररचनेचे धडे सोडवून टपालाने एकमेकांना तपासायला पाठवत. माझी अशी देवाणघेवाण केजच्या एका मुलीशी चालते. ती कीबोर्डवर गवळणींच्या चाली बांधते. तिच्या चालीत खोट शोधायला बसलो की माझ्या रचनेतलीही दिसते. शेवटच्या भागाबद्दल आमचं अजून जमलेलं नाही. तिच्या मते जातं हळूहळू मंदावत थांबावं, माझ्या मते दळण सरलं की हात एकदम थांबतो. आजीला विचारलं तर ती म्हणते, दळण किती आहे त्यावर आहे.