मोठ्या शिकारीसाठी काडतुसाची निवड

बंगळूरमधील शिवाजीनगर हा भाग पूर्वी ब्लॅकपल्ली या नावाने ओळखला जात असे. १८०९ मध्ये वसविण्यास प्रारंभ झालेल्या लष्करी छावणीचा तो एक भाग होता. या छावणीच्या दक्षिणेस कावेरीचे खोरे, बिळिगिरिरंगन डोंगर आणि निलगिरीच्या पायथ्याची अरण्ये पसरलेली आहेत. तेथे वाघ, गवा आणि हत्ती एकाच रानात आढळतात. त्यामुळे छावणीतून रानात निघणाऱ्या शिकाऱ्यापुढे एक प्रश्न नेहमीच उभा राहत असे: कोणते काडतूस न्यावे? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अशा शिकारीचा काळ संपला. तथापि त्या प्रश्नामागील पदार्थविज्ञान आजही अभ्यसनीय आहे.

काडतुसाचे घटक

काडतुसाचे चार घटक असतात: पितळेचे नळकांडे, त्याच्या बुडाशी बसविलेली स्फोटक टोपी, आतील दारू आणि तोंडाशी घट्ट बसविलेली गोळी. घोडा दाबताच टोपीवर आघात होतो, दारू पेट घेते आणि तीपासून निर्माण होणाऱ्या वायूंच्या दाबाने गोळी नळीबाहेर फेकली जाते.

काळ्या दारूच्या युगात गोळीला फार वेग देता येत नसे. म्हणून शक्ती वाढवावयाची तर गोळी मोठी करणे हाच उपाय होता. म्हैसूर संस्थानात हत्ती पकडण्याचे काम करणारे व १८७८ मध्ये आपले अनुभव ग्रंथरूपाने प्रसिद्ध करणारे सँडरसन हे त्या जड बंदुकांच्या काळातील होत. ८ बोअरच्या बंदुकीची शिशाची गोल गोळी एक अष्टमांश पौंड, म्हणजे सुमारे ५७ ग्रॅम वजनाची असे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कॉर्डाइट ही धूरविरहित दारू प्रचारात आली आणि लहान, लांबट गोळी मोठ्या वेगाने सोडणे शक्य झाले.

शक्ती आणि शिरकाव

गोळीची ऊर्जा तिच्या वस्तुमानाच्या प्रमाणात, परंतु वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. यावरून सर्वांत वेगवान काडतूस सर्वांत उत्तम, असा समज होणे साहजिक आहे. पण तो बरोबर नाही. गोळी हृदयापर्यंत, फुप्फुसांपर्यंत किंवा मेंदूपर्यंत पोहोचली पाहिजे. वाटेतच थांबलेल्या गोळीची ऊर्जा कितीही असली, तरी ती निरुपयोगी ठरते.

तीन काडतुसांच्या तुलनेने हे स्पष्ट होईल. बंगळूरचे प्रसिद्ध शिकारी व लेखक केनेथ अँडरसन (१९१०–१९७४) हे विंचेस्टर कंपनीची १८९५ नमुन्याची ०.४०५ रायफल वापरीत. तिची गोळी ३०० ग्रेन, म्हणजे सुमारे १९.४ ग्रॅम वजनाची असून तिचा वेग सेकंदास सुमारे ६७० मीटर असतो. हॉलंड अँड हॉलंड या इंग्रज कंपनीने १९१२ मध्ये आणलेल्या ०.३७५ काडतुसातही ३०० ग्रेनची गोळी वापरता येते. तिचा वेग सुमारे ७७० मीटर असतो. दोन्ही गोळ्यांचे वजन सारखेच आहे. परंतु दुसरी अधिक अरुंद आहे. छेदाच्या दर चौरस सेंटीमीटरमागे पहिलीचे वजन सुमारे २३ ग्रॅम भरते, तर दुसरीचे सुमारे २७ ग्रॅम. म्हणून दुसरी अधिक खोल शिरते.

तिसरे काडतूस ०.४५०/४०० हे होय. त्याच्या गोळीची रुंदी ०.४०५ च्या गोळीइतकीच, पण वजन ४०० ग्रेन आहे. तिचा वेग किंचित कमी असूनही दर चौरस सेंटीमीटरमागे ३० ग्रॅम वजन असल्याने ती जाड हाडांतून अधिक निश्चितपणे पार होते. वाघासारख्या मऊ अंगाच्या प्राण्यास ०.४०५ पुरेसे होते. गव्याच्या भरीव खांद्यासाठी किंवा हत्तीच्या कवटीसाठी मात्र जड आणि लांब गोळीच योग्य.

गोळीची घडण

वजनाइतकेच महत्त्व घडणीस आहे. टोकाशी शिसे उघडे ठेवलेली मऊ गोळी शरीरात शिरताच पसरते व रुंद जखम करते. वाघासाठी ती उपयुक्त. हत्तीच्या कवटीत मात्र हवेच्या पोकळ्यांनी भरलेल्या हाडाचा जाड थर मेंदूभोवती असतो. तेथे पसरणारी गोळी अर्ध्या वाटेत अडकते. म्हणून पूर्णतः कठीण धातूने मढविलेली, न पसरणारी गोळी तेथे वापरीत. कलकत्त्याजवळील दमदमच्या कारखान्यात १८९० नंतरच्या दशकात बनविलेल्या पसरणाऱ्या गोळीवरून ‘दमदम गोळी’ हे नाव रूढ झाले. युद्धात अशा गोळ्यांचा वापर करू नये, असे १८९९ च्या हेग परिषदेत ठरले. शिकारीत मात्र तीच गोळी प्राण्यास लवकर मृत्यू देते म्हणून योग्य मानली गेली.

हवामान आणि कायदा

कॉर्डाइट उष्णतेने अधिक वेगाने जळते. उन्हात तापलेल्या काडतुसातील दाब वाढून रिकामे नळकांडे नळीतच घट्ट बसण्याचा धोका असे. समोर जखमी गवा उभा असता असे होणे प्राणघातक ठरे. म्हणून उष्ण प्रदेशांसाठी मोठ्या नळकांड्याची, कमी दाबाची काडतुसे पसंत केली जात. १९०७ च्या सुमारास ब्रिटिश सरकारने बंडखोरांच्या भीतीने ०.४५० बोअरची काडतुसे हिंदुस्थानात आणण्यास बंदी घातली. त्यातूनच ०.४६५, ०.४७० यांसारखी नवी काडतुसे जन्मास आली.

चुकीच्या निवडीचे परिणाम

अपुऱ्या किंवा अस्थानी बसलेल्या गोळीने प्राणी मरत नाही, जायबंदी होऊन पळतो. जिम कॉर्बेट यांनी १९०७ मध्ये मारलेल्या चंपावतच्या वाघिणीच्या नावावर ४३६ मानवी बळी नोंदले गेले होते. तिचे उजव्या बाजूचे वरचे व खालचे सुळे बंदुकीच्या जुन्या गोळीने मोडलेले होते, आणि त्यामुळे नैसर्गिक भक्ष्य मारणे तिला अशक्य झाले, असे कॉर्बेट यांनी नमूद केले आहे. एका शिकाऱ्याच्या सदोष गोळीचे मोल अशा रीतीने अनोळखी खेड्यांतील माणसांना द्यावे लागे.

सारांश, काडतुसाची निवड बोअरच्या आकड्यावरून किंवा केवळ वेगावरून करावयाची नसते. प्राण्याचे शरीर, गोळीचे वजन व रुंदी, तिची घडण आणि हवामान यांचा एकत्र विचार करावा लागतो. या सर्वांची जोड अचूक नेमास मिळाली तरच काडतूस योग्य म्हणावयाचे. कारण उत्तम काडतूसही चुकलेला नेम सावरू शकत नाही.