जाहिरातीचे पैसे आणि प्रीतीचे दान

वाचनासाठी शास्त्रभाग : २ करिंथ ८:१-५ आणि ८:१६-२१



“यूट्यूबवर व्हिडिओ टाका, जाहिराती लागतील, पैसे येतील, मग मंडळीपुढे सारखी झोळी धरावी लागणार नाही,” अशी सूचना हल्ली पुष्कळदा ऐकू येते. ती प्रेमापोटी केलेली असते, म्हणून तिचा नीट विचार करू या.

१. हिशोब काय सांगतो?
जाहिरातीच्या उत्पन्नात वाटा मिळण्यासाठी चॅनेलला किमान १००० सबस्क्रायबर लागतात. शिवाय मागील १२ महिन्यांत त्याचे व्हिडिओ ४००० तास पाहिले गेलेले असावे लागतात, किंवा छोट्या शॉर्ट्स ९० दिवसांत १ कोटी वेळा. आपल्यापैकी १०० जणांनी दर आठवड्याला ५ मिनिटे पाहिले, तरी वर्षाचे सुमारे ४३३ तासच भरतात. उंबरठाही दूर राहतो. त्याच १०० घरांनी महिन्याला ५० रुपये बाजूला काढले, तर वर्षाला ६०,००० रुपये जमतात. उत्पन्न वाढावे म्हणून मुद्दाम जाहिरातींवर क्लिक करत राहणे नियमाविरुद्ध आहे आणि जाहिरातदाराची ती फसवणूकही आहे.

२. कोणाचे दुःख दाखवायचे?
जाहिरातीला नजर खिळवून ठेवणारे चित्र हवे असते. मग रडणारे लेकरू, गळके छप्पर दाखवण्याचा मोह होतो. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातील महादेव कोळी, ठाकर, कातकरी बांधव देवाच्या प्रतिरूपाचे आहेत. डोंगरउतारावर भात पिकवणारी, हिरडा गोळा करणारी ही कष्टाळू माणसे आहेत. त्यांची अडचण सांगावी; त्यांची लाज विकू नये.

३. मागणे कमीपणाचे आहे का?
यरुशलेमेतील गरजू पवित्र जनांसाठी पौलाने उघडपणे मागितले. मासेदोनियाच्या मंडळ्या स्वतः दारिद्र्यात होत्या, तरी त्यांनी आधी स्वतःला प्रभूला दिले आणि मग दान दिले. पैशांबाबत कोणी दोष लावू नये म्हणून पौलाने तीताबरोबर मंडळ्यांचे विश्वासू बंधूही पाठवले.

आपल्याच जिल्ह्यातील केडगावच्या मुक्ती मिशनच्या संस्थापिका पंडिता रमाबाई यांचे उदाहरण घ्या. १८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या आणि गावोगावी व्याख्याने देऊन विधवांसाठी मदत मागितली. १८८७ मध्ये बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाले. ठिकठिकाणच्या मंडळांनी १० वर्षे मदत करण्याचे वचन दिले आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. १८९८ मध्ये रमाबाई पुन्हा अमेरिकेत जाऊन त्या मित्रांना भेटल्या. ऐकणारे तिथे प्रेक्षक राहिले नाहीत, भागीदार झाले.

४. मग व्हिडिओ नकोच का?
जरूर हवा, पण हिशोब देण्यासाठी. दिलेल्या पैशांतून काय झाले, किती खर्च झाला, काय राहिले, हे दोन मिनिटांत दाखवावे. चेहरा दाखवण्यापूर्वी त्या माणसाची, आणि मूल असेल तर आईबापांची, संमती घ्यावी. जाहिरात पाहणारा पाच सेकंदांत पुढे जातो. दान देणारा प्रार्थना करतो, चौकशी करतो, चुकले तर विचारतो. सेवेला त्याची गरज पैशांइतकीच आहे.

चर्चेसाठी प्रश्न
१. मासेदोनियाच्या मंडळ्यांनी पैशांआधी काय दिले?
२. आपल्या दानाचा हिशोब आपण शेवटचा कधी विचारला?
३. आपल्या घरातून दरमहा किती रक्कम नियमाने बाजूला काढता येईल?