नत्र आणि प्रथिन

अन्नातील प्रथिने मोजण्याची केल्डाल यांनी १८८३ साली कोपनहेगन येथे सिद्ध केलेली रीत महाविद्यालयांत आजही शिकवितात. पदार्थ तीव्र गंधकाम्लात उकळून त्यातील नत्र मोजावयाचा व सामान्यतः ६.२५ ने गुणावयाचे. कारण प्रथिनांत नत्र सुमारे शेकडा १६ असतो. पण मोजला जातो तो नत्र, प्रथिन नव्हे! मेलामाइनमध्ये नत्र शेकडा ६६ आहे. २००८ साली चीनमध्ये पाणी घातलेल्या दुधात तेच मिसळलेले आढळले. दूध परीक्षेस उतरले, आणि मूत्रपिंडांत खडे होऊन तान्ही बाळे दगावली. बाययुरेट परीक्षेत कॉस्टिक सोडा व मोरचूद घालताच जांभळा रंग येतो, तो पेप्टाइड बंधांमुळे. ते मेलामाइनमध्ये नाहीत. म्हणून दोन्ही रीती विद्यार्थ्यांकडून एकाच नमुन्यावर करवून घ्याव्यात, असे मला वाटते.