युरिएज : एका प्रथिनाची घडण आणि शेतीतील त्याचे कार्य

पहाटे बंद गोठ्याचे दार उघडले की डोळ्यांना झोंबणारा उग्र वास येतो. युरियाची प्रक्रिया केलेल्या पेंढ्याची गंजी उघडली की तोच वास येतो. जमिनीवर नुसताच फोकलेला युरिया ओल धरून विरघळतो, तेव्हा वास फारसा जाणवत नाही. परंतु तोच वायू तेथूनही हवेत निघून जात असतो. हा वायू अमोनिया होय. तिन्ही ठिकाणी तो युरियापासून निर्माण होतो आणि तिन्ही ठिकाणी तो निर्माण करणारा कारागीर एकच आहे. त्याचे नाव युरिएज. हे एक प्रथिन आहे.

जनावराच्या ताज्या मूत्रास अमोनियाचा असा वास नसतो. मूत्रात युरिया असतो, पण तो फोडणारे युरिएज नसते. ते शेणातील सूक्ष्म जीवांजवळ असते. शेण व मूत्र एकत्र कालवले गेले, की युरिया फुटू लागतो आणि खताच्या रूपाने शेतात जावयाचा नत्र गोठ्यातच उडून जातो. मूत्रासाठी वेगळी नाली काढावी, खाली काडीकचरा अंथरावा, असे जे वारंवार सांगितले जाते त्यामागील कारण हेच.

प्रथिने म्हटली की डाळ, दूध, अंडी व पेंड यांची आठवण होते. ती समजूत चुकीची नाही. मात्र अपुरी आहे. माणूस व जनावर प्रथिने खातात ती अन्न म्हणून. परंतु वनस्पती, प्राणी किंवा जीवाणू आपल्या शरीरात प्रथिने घडवितात ती कामासाठी. रक्तातील प्राणवायू वाहून नेणे, स्नायू आकुंचित करणे, अन्न पचविणे, रोगजंतूंस अडविणे ही सर्व कामे निरनिराळी प्रथिने करतात. यांपैकी जी प्रथिने एका पदार्थाचे दुसऱ्या पदार्थात रूपांतर झपाट्याने घडवून आणतात आणि स्वतः मात्र खर्ची पडत नाहीत, त्यांस विकरे किंवा एन्झाइमे म्हणतात. युरिएज हे असेच एक विकर आहे.

विकर हे प्रथिनच असते, हे प्रथम सिद्ध झाले तेही युरिएजमुळेच. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात जेम्स समनर यांनी १९१७ साली हे काम हाती घेतले. सतराव्या वर्षी शिकारीच्या वेळी झालेल्या अपघातात त्यांचा डावा हात गेला होता, आणि ते मूळचे डावखुरे होते. त्यांनी कामासाठी जॅक बीन हे कडधान्य निवडले. आपल्याकडे परसात चढविल्या जाणाऱ्या अबईच्याच कुळातील हा वेल असून त्याच्या बियांत युरिएज विपुल असते. या बियांचे पीठ ॲसिटोन मिसळलेल्या पाण्यात कालवून, गाळून, ते गाळीव थंड जागी रात्रभर ठेवल्यावर १९२६ साली त्यांना त्यात बारीक स्फटिक आढळले. ते स्फटिक प्रथिनाचे होते आणि युरिया फोडण्याची शक्तीही त्यांच्यातच होती. जर्मनीतील विख्यात रसायनशास्त्रज्ञ रिखार्ड विलश्टेटर यांच्या मते विकरे ही प्रथिने नव्हती. त्यामुळे समनर यांचे म्हणणे मान्य होण्यास काही वर्षे जावी लागली. पुढे जॉन नॉर्थ्रॉप यांनी पेप्सिन या पाचक विकराचे स्फटिक मिळविले, तेव्हा वाद मिटला. १९४६ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक समनर, नॉर्थ्रॉप व वेंडेल स्टॅन्ली यांस मिळाले.

आता प्रथिनाची घडण पाहू. सर्व प्रथिने ॲमिनो आम्लांची बनलेली असतात. प्रथिनांत सामान्यतः वीस प्रकारची ॲमिनो आम्ले आढळतात. माळेत मणी ओवावेत तशी ती एकापुढे एक जोडली जातात. कोणत्या मण्यानंतर कोणता मणी यावयाचा, हा क्रम बियाण्यातून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या आनुवंशिक लेखात ठरलेला असतो. परंतु नुसत्या माळेला काम करता येत नाही. माळ तयार होत असतानाच ती काही ठिकाणी मळसूत्रासारखी वळते, काही ठिकाणी शेजारी शेजारी पट्ट्यांसारखी बसते, आणि मग हे वळसे व पट्टे एकमेकांवर दुमडून तिचा एक निश्चित आकाराचा गोळा होतो. ही माळ कोणत्या कोनांत वळू शकते आणि कोणत्या नाही, याचा नकाशा मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली प्रसिद्ध केला. जगभरचे संशोधक तो आजही वापरतात.

घडीचे महत्त्व पागोट्यावरून ध्यानात येईल. पागोटे म्हणजे एक लांब कापड. त्यास आकार येतो तो घड्यांमुळे. ते सोडून टाकले तर कापड तेवढेच राहते, एक धागाही कमी होत नाही. परंतु पागोटे मात्र राहत नाही. प्रथिनाचेही असेच आहे. त्याची घडी मोडली, तर ॲमिनो आम्ले तीच व तेवढीच राहतात. काम मात्र थांबते.

जॅक बीनमधील युरिएजची एक माळ ८४० ॲमिनो आम्लांची असते आणि अशा सहा माळा एकत्र येऊन त्याचा पूर्ण रेणू बनतो. प्रत्येक माळेच्या घडीत एक लहानशी खोबण असते. तिच्या तळाशी निकेल या धातूचे दोन अणू शेजारी शेजारी बसविलेले असतात. या विकरात निकेल असल्याचा शोध ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड विद्यापीठात १९७५ साली लागला. युरियाचा रेणू त्या खोबणीत नेमका बसतो, वरून घडीचाच एक भाग झाकणासारखा मिटतो, आणि दोन निकेलांच्या मध्ये धरलेला पाण्याचा अंश युरियावर आघात करून त्यास फोडतो. एका युरियापासून शेवटी अमोनियाचे दोन रेणू व कार्बन डायऑक्साइड मिळतात. शुद्ध पाण्यात युरिया आपण होऊन फुटावयाचा तर वर्षे लागतात. युरिएजची एक खोबण सेकंदाला हजारो रेणू फोडते. जॅक बीनच्या युरिएजची संपूर्ण घडण उलगडली ती मात्र समनर यांच्यानंतर त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशी वर्षांनी, आणि तीही मद्रास विद्यापीठातच. हे काम २०१० साली प्रसिद्ध झाले.

पिकांना निकेल अत्यल्प प्रमाणात लागते ते मुख्यतः या विकरासाठीच. सामान्यतः जमिनीत ते पुरेसे असते. म्हणून निकेलयुक्त द्रावणांवर पैसा खर्च करण्याचे कारण नाही.

जमिनीत युरिएज सर्वत्र असते. सूक्ष्म जीव मेले तरी त्यांचे युरिएज मातीच्या बारीक कणांना व सेंद्रिय पदार्थाला चिकटून टिकून राहते. त्यामुळे उबदार व ओल्या जमिनीत पडलेला युरिया थोड्या दिवसांतच फुटतो. येथवर तोटा काहीच नाही. उलट, पिकास उपयोगी पडणारा अमोनियम त्यातूनच मिळतो. प्रश्न एवढाच, की हे फुटणे कोठे घडते. मातीच्या आत घडले, तर अमोनियम मातीच्या कणांना धरून राहतो. पृष्ठभागावर घडले, तर दाण्याभोवतीची माती अल्कधर्मी बनते आणि नत्र अमोनिया होऊन उडतो. महाराष्ट्रातील चुनखडीयुक्त काळ्या जमिनी मुळातच अल्कधर्मी असल्याने तेथे ही हानी अधिक होते.

सर्वांत वाईट स्थिती म्हणजे दहिवराची. दहिवराने दाणा विरघळतो, युरिएजला काम करण्यापुरती ओल मिळते, पण युरिया खाली वाहून नेण्याइतके पाणी नसते. त्यानंतर ऊन पडले, की नत्र गेलाच म्हणून समजावे. उसाच्या खोडव्यात पाचटावर युरिया फोकणे हेही तितकेच नुकसानीचे, कारण कुजणाऱ्या पाचटावर युरिएज भरपूर असते व दाणा मातीपर्यंत पोचतच नाही. युरिया ओळीच्या बाजूस पेरून मातीआड करावा. ते शक्य नसेल तर तो टाकल्यावर लगेच हलके पाणी द्यावे. युरिया न फुटलेल्या स्थितीत पाण्याबरोबर सहज खाली उतरतो, आणि मग तेथे तो फुटला तरी चिंता नाही. कोकणात भाताच्या चारसूत्री पद्धतीत चार चुडांच्या मध्ये ७ ते १० सेंटिमीटर खोल युरिया-डीएपीची गोळी खोचतात, तीही याच विचाराने.

नीमलेपित युरियाविषयी एक गैरसमज आढळतो. देशात तयार होणारा सर्व युरिया नीमलेपित असावा असे २०१५ साली ठरले. पण निंबोळी तेलाचा मुख्य परिणाम पुढच्या टप्प्यावर, म्हणजे अमोनियमचे नायट्रेट होण्यावर होतो. युरिएजला ते फारसे अडवीत नाही. म्हणून नीमलेपित युरियाही मातीआडच करावयास हवा. युरिएजच्या खोबणीत शिरून निकेलला घट्ट धरून बसणारी रसायने काही देशांत युरियात मिसळली जातात, ती निराळी.

जेथे युरिएज हवेच असते, असे एक काम म्हणजे पेंढ्याची प्रक्रिया. १०० किलो कोरड्या पेंढ्यास ४ किलो युरिया सुमारे ५० लिटर पाण्यात विरघळवून थरावर थर शिंपडतात व गंजी प्लॅस्टिकच्या कापडाने हवाबंद करून २१ दिवस ठेवतात. पेंढ्यावरील सूक्ष्म जीवांचे युरिएज आत अमोनिया निर्माण करते आणि त्या अमोनियाने पेंढा मऊ व पचण्यास सोपा होतो. उघडल्यावर वास उडून जाईपर्यंत पेंढा पसरून ठेवावा, मगच जनावरास घालावा. सहा महिन्यांखालील वासरांस तो घालू नये.

प्रथिनाची घडी मोडण्याचे सर्वांत सोपे साधन म्हणजे उष्णता. अंडे उकडल्यावर पांढरे घट्ट होते, ते याच कारणाने. सोयाबीनच्या बाबतीत ही गोष्ट महत्त्वाची ठरते. कच्च्या सोयाबीनमध्ये युरिएज तर असतेच. शिवाय ट्रिप्सिन या पाचक विकरास अडविणारी प्रथिनेही असतात. त्यामुळे कच्चे सोयाबीन खाल्लेल्या कोंबड्यांस व डुकरांस अन्न पचत नाही आणि त्यांची वाढ खुंटते. ओलसर उष्णतेने ही दोन्ही प्रकारची प्रथिने जवळजवळ सारख्याच वेगाने निकामी होतात. म्हणून युरिएज शिल्लक आहे काय हे पाहिले, की सोयाबीन पुरेसे शिजले किंवा भाजले आहे काय हे कळते. पशुखाद्याच्या प्रयोगशाळा हीच कसोटी वापरतात.

ग्रामसेवकास ती गावात करून दाखविता येईल. काचेच्या दोन बरण्या घ्याव्यात. एकीत कच्च्या सोयाबीनचे दोन चमचे पीठ, दुसरीत रात्रभर भिजवून अर्धा तास उकळलेल्या सोयाबीनचा तितकाच लगदा घालावा. दोन्हींत एक एक चमचा युरिया व अर्धा पेला कोमट पाणी घालून ढवळावे. हळदीच्या पाण्यात बुडविलेली पांढऱ्या कापडाची ओली पट्टी, खालच्या मिश्रणास न लागेल अशी, प्रत्येक बरणीच्या तोंडाशी अडकवून झाकण लावावे. अर्ध्या तासाच्या सुमारास कच्च्या सोयाबीनच्या बरणीतील पट्टी तांबूस होते व झाकण उघडताच अमोनियाचा वास येतो. दुसऱ्या बरणीतील पट्टी पिवळीच राहते. विकत आणलेल्या पेंडीची परीक्षा याच रीतीने घ्यावी. ही मिश्रणे नंतर खड्ड्यात पुरावीत आणि बरण्या स्वयंपाकासाठी वापरू नयेत. एक मर्यादा मात्र ध्यानात असू द्यावी : पेंड करपेपर्यंत भाजली असेल, तर तिच्यातील लायसिन हे मोलाचे ॲमिनो आम्ल वाया जाते, पण पट्टी पिवळीच राहते. ही कसोटी कच्चेपण दाखविते, करपणे दाखवीत नाही. त्यासाठी रंग व वास पाहावा.

गाईम्हशींच्या खुराकात युरिया वापरला जातो, कारण त्यांच्या पोटातील जीवाणू अमोनियापासून स्वतःची प्रथिने बनवितात आणि पुढे ती जनावरास मिळतात. या जीवाणूंजवळ स्वतःचे युरिएज मुबलक असते. अशा खुराकात कच्चे सोयाबीन मिसळणे म्हणजे आगीत तेल ओतणे होय. खुराक ओला होताच गव्हाणीतच अमोनिया सुटू लागतो, जनावर तो खात नाही, आणि खाल्ला तर अमोनिया जीवाणूंना वापरता येणार नाही इतक्या वेगाने निर्माण होऊन रक्तात उतरतो. युरिया एकूण कोरड्या आहाराच्या शेकडा एकापेक्षा अधिक नसावा, तो खुराकात एकजीव मिसळलेला असावा, आणि दोन-तीन आठवड्यांत हळूहळू त्याची सवय लावावी. कोंबड्या, घोडे व लहान वासरे यांस तो मुळीच देऊ नये. युरिया विरघळविलेल्या पाण्याची बादली जनावराच्या तोंडापाशी राहू देणे हा तर उघड धोका आहे.

विषबाधा झाल्यास अर्ध्या-एक तासातच जनावर अस्वस्थ होते, लाळ गळते, अंग थरथरते, पोट फुगते, चाल लटपटते व श्वास जड होतो. वेळ न दवडता पशुवैद्यास बोलवावे. ते भरपूर थंड पाणी व सिरका पाजतात. थंडाव्याने युरिएजचे काम मंदावते आणि सिरक्यातील आम्लाने अमोनिया बांधला जातो. झटके येत असलेल्या किंवा गिळू न शकणाऱ्या जनावरास घरच्या लोकांनी नळीने काहीही पाजू नये. ते फुफ्फुसात जाते.