थेट संवादाच्या सूत्रसंचालकास

चि. भाच्यास,

नंदुरबार जिल्ह्यातील विधानसभेच्या उमेदवारांचा मतदारांशी थेट ऑनलाइन संवाद घडवून आणण्याचे काम चिरंजीवाने अंगावर घेतले, ही समाधानाची गोष्ट आहे. मात्र ज्यांना तो कार्यक्रम पाहताही येणार नाही, त्यांचे प्रश्न आधी घेणे हे सूत्रसंचालकाचे पहिले कर्तव्य ठरते.

१ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के लोकसंख्या आदिवासी असून चारही विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. त्यांपैकी अक्कलकुवा हा राज्याच्या यादीतील पहिला मतदारसंघ आणि नर्मदाकाठचे मणिबेली हे त्यातील पहिले मतदान केंद्र होय. जेथे मतदानयंत्र बोटीने न्यावे लागते, तेथे मोबाइलला रेंज असेलच असे गृहीत धरता येत नाही. म्हणून प्रश्न आधीच, याच भागातील धडगाव-मोलगीच्या आठवडे बाजारांत गोळा करावेत, विचारणाऱ्याच्या संमतीने ते त्याच्याच आवाजात ध्वनिमुद्रित करावेत आणि पावरी, भिली वा मावची या आदिवासी बोलींतील मूळ प्रश्न ऐकवून मगच त्याचे मराठी सांगावे. कारण भाषांतरात प्रश्नाची धार बोथट होण्याचा धोका असतो.

प्रश्नाला नेमकेपणा देणे हेही सूत्रसंचालकाचेच काम आहे. ‘पाड्याला रस्ता कधी होणार?’ एवढेच विचारले, तर ‘लवकरच’ म्हणून उमेदवार मोकळा होतो. वनहक्क कायदा, म्हणजे वनजमिनीवरील पारंपरिक हक्कांना मान्यता देणारा २००६ चा कायदा, ग्रामसभेची शिफारस असल्यास रस्ता, शाळा, दवाखाना अशा सुविधांसाठी प्रत्येक कामामागे एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन वापरण्याची मुभा देतो. मात्र त्यासाठी हेक्टरी ७५ पेक्षा अधिक झाडे तोडावी लागू नयेत, अशी अट आहे. तेव्हा ग्रामसभेची शिफारस झाली आहे काय, प्रस्ताव कोणत्या कार्यालयात अडला आहे आणि तो पुढे सरकवण्यासाठी उमेदवार काय करणार, असे विचारल्यास उत्तर टाळणे अवघड जाते. त्याचप्रमाणे उमेदवारी अर्जासोबतचे शपथपत्र, ज्यात मालमत्ता, कर्जे व गुन्हेगारी प्रकरणे जाहीर करावी लागतात, ते आधी वाचून ठेवावे, म्हणजे ऐकीव आरोपांना थारा मिळत नाही.

उत्तरांचा क्रम सर्वांसमक्ष चिठ्ठ्या टाकून ठरवावा, वेळ सर्वांना सारखा द्यावा आणि एखादा उमेदवार न आल्यास त्याला निमंत्रण होते एवढेच सांगून, टोमणा न मारता पुढे जावे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १२६ नुसार मतदान संपण्यापूर्वीच्या ४८ तासांत निवडणूक प्रचाराचा मजकूर दाखविण्यास मनाई आहे. म्हणून कार्यक्रम त्यापूर्वीच उरकावा आणि त्याचे ध्वनिचित्रमुद्रणही त्या काळात पुन्हा फिरवू नये.

संवाद संपल्यावर कोणी कोणते आश्वासन दिले, त्याची तारीखवार नोंद करून ती प्रत्येक ग्रामपंचायतीकडे छापील स्वरूपात पाठवावी. निवडून आलेल्यास पुढील पाच वर्षे जाब विचारण्यास मतदारांच्या हाती तोच कागद उपयोगी पडेल, तेव्हा या कामात चिरंजीवाने हयगय करू नये.

कळावे.
मामांचे आशीर्वाद