तेजाबाचा शेजार

हुपरीत चांदीचा कारखाना म्हणजे बहुतेक घरांत मागची खोलीच. पुढं सोप्यात पोरं अभ्यासाला बसलेली, मागं आटणी, पॉलिश, मुलामा चाललेला. आमचंही घर तसंच. म्हणून ॲसिड कुठं ठेवायचं, हा सगळ्या घरादाराच्या जिवाचा प्रश्न आहे.

नायट्रिकच्या, म्हणजे तेजाबाच्या, बाटल्या आमच्याकडं वडिलांच्या काळापासून भिंतीवरच्या लोखंडी फळीवर असायच्या. पोरांचा हात पोहोचू नये, हा त्यामागचा चांगला हेतू. पण झाकण कितीही घट्ट लावलं तरी थोडी वाफ निघत राहते. त्या वाफेनं फळीखालचे ब्रॅकेट खाल्ले. वरून रंग शाबूत, मागच्या बाजूनं गंजाचे पापुद्रे. एका पहाटे फळी निखळली. खाली धुतलेले पैंजण सुकवायचा लाकडाचा भुसा होता. तीव्र नायट्रिक भुशावर पडलं की काडी ओढावी लागत नाही. तांबूस धूर उठला आणि भुसा आतून धुमसायला लागला.

काका तोंडाला ओला पंचा बांधून आत गेले, नळीनं पाणी मारून बाहेर आले. जरा खोकले, चहा घेतला, ‘मला काय झालं नाही’ म्हणाले. रात्री मात्र त्यांना श्वास घेता येईना. दवाखान्यात कळलं की हा तांबडा वायू कित्येक तास काहीच जाणवू देत नाही, मग फुप्फुसांत पाणी भरायला लागतं. ओल्या पंचानं तो अडतही नाही. काका ऑक्सिजनवर राहून वाचले. म्हणून कळकळीनं सांगतो: असा धूर दिसला की आधी माणसं बाहेर काढा, आत शिरू नका. नाकात गेलाच असेल, तर बरं वाटत असलं तरी 108 ला फोन करा आणि डॉक्टरांना ॲसिडचं नाव सांगा.

आता आमच्या बाटल्या जमिनीलगत असतात, कुलपाच्या प्लास्टिकच्या कपाटात. प्रत्येक ॲसिड वेगळ्या खोलगट ट्रेमध्ये. अख्खी बाटली फुटली तरी मावेल एवढा ट्रे हवा. नायट्रिकजवळ भुसा, चिंध्या, कागद, थिनर, स्पिरिट काहीही नको. कॉस्टिक सोडा लांब.

सगळ्यात मोठी भीती मुलाम्याच्या सायनाइडची. त्यावर ॲसिड सांडलं तर निघणारा वायू काही मिनिटांत माणूस मारतो. त्या दोघांना एका कपाटात तर सोडाच, एका खोलीतही ठेवू नका. जागा नाही म्हणणारे कारागीर मला भेटतात. मग एक काम घरातून हलवा, पण हा शेजार नको.

2013 साली सर्वोच्च न्यायालयानं ॲसिडच्या किरकोळ विक्रीवर बंधनं घातली. ओळखपत्र आणि रजिस्टरात नोंद लागते, 18 वर्षांखालच्याला विकता येत नाही. दुकानात एवढी शिस्त पाळायची आणि घरी आणून तेच ॲसिड पाण्याच्या बाटलीत ओतायचं, याचा मला संताप येतो. पोरगं तहानेनं ती उचलणारच. मूळ बाटली, मूळ लेबल; लेबल ओघळलं तर त्याच दिवशी नवं.

गंधकाचं ॲसिड पातळ करताना पाण्यात ॲसिड हळूहळू सोडायचं. ॲसिडात पाणी ओतलं की ते उसळून तोंडावर येतं. अंगावर उडालंच तर कपडे काढून वाहत्या पाण्याखाली निदान 20 मिनिटं. डोळ्यात गेलं तर पापणी उघडी धरून तेवढाच वेळ धुवा, मग दवाखाना. हळद, तूप काही लावू नका. म्हणून कपाटापासून नळापर्यंतची वाट मोकळी हवी, तिथं भट्टीचं सामान रचू नका. सांडलेलं भुशानं टिपू नका. कोरडी वाळू टाका.

वापरलेलं नायट्रिक लगेच बूच मारून ठेवू नका. त्यात धातू विरघळत असेल तर वायू निघत राहतो आणि बंद बाटली फुटते. उघड्यावर, वारं असेल तिथं, बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत काचेच्या भांड्यात राहू द्या.